अर्ध्या गंजीवरून

सिग्नलचा हात खाली पडला तेव्हा मी कडब्याच्या गंजीवर उभा होतो. कमरेला उपरणं आवळलेलं, केसांत भुसा, आणि खाली निम्म्याहून जास्त पेंढ्या अजून शिल्लक. आमचं शेत पिंगळी स्टेशनाच्या पलीकडं, रुळाला लागूनच आहे. त्यामुळं गाडी येणार हे आम्हाला घड्याळाआधी सिग्नल सांगायचा. मामा माझी रेक्झिनची बॅग घेऊन बांधावर उभे होते आणि दर मिनिटाला म्हणत होते, "दत्ता, उतर आता, गाडी जाईल." अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिकडं पाहिलंच नाही. त्यांनी आणखी एक पेंढी वर फेकली, मी ती झेलून रचली, तेव्हा कुठं ते बोलले, "जा. गाडी धर. गंजीचं मी बघतो."

मी घसरत खाली आलो. मायनं हातावर पाणी घातलं, फडक्यात भाकरी आणि कारळाची चटणी बांधून दिली. पाया पडायचं राहिलं, कारण अप्पा तोवर पुढची पेंढी उचलायला वळले होते. मामांमागून रूळ ओलांडून पळालो आणि खिडकीपाशी बसलो. गाडी पूर्ण्याकडं निघाली की आमच्या शेताला चिकटून जाते. मी बाहेर डोकावलो तर गंजीवर माय उभी होती. पदर खोचलेला, दोन्ही हात पुढं. अप्पा खालून फेकत होते आणि ती झेलत होती. मी हात हलवला, माय, अप्पा अशा हाका मारल्या. दोघांपैकी एकानंही मान वळवली नाही. पेंढी हवेत असताना दुसरीकडं पाहायचं नसतं, हे त्या घरात मलाच सगळ्यात चांगलं माहीत होतं, तरी पूर्णा येईपर्यंत मी रडत होतो.

याला पंचवीसेक वर्षं झाली. हे मी केरळात, कोझिकोडला बसून लिहितो आहे. पिंगळीतल्या माझ्या माणसांसाठी लिहितो आहे, आणि जी माणसं माझ्यासारखीच काहीतरी अर्धं ठेवून गाडीत बसली त्यांच्यासाठीही. माझा धंदा गोलकीपरचा. एकोणीस वर्षं खेळलो, आता गोलकीपरांना शिकवतो. गावाकडं अजूनही कुणी कुणी विचारतं, "फुटबॉल? मग किरकेट का न्हाई खेळलास?" पूर्वी राग यायचा, आता नुसता हसतो.

खरं सांगायचं तर मला गोलकीपर कुठल्या कोचनं केलं नाही, कडब्यानं केलं. ज्यांनी गंजी रचताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रब्बीची ज्वारी आम्ही उपटून काढतो. कणसं मोडली की ताटांच्या पेंढ्या बांधायच्या आणि त्यांचा ढीग रचायचा, बैलांना वर्षभर पुरेल असा. ढीग छातीच्या वर गेला की एकानं वर चढायचं आणि एकानं खालून फेकायचं. पेंढीच्या बुडख्याला मुळ्या असतात, मुळ्यांना काळी माती. ती हवेत येतानाच झडते आणि थेट डोळ्यांत जाते. मी नऊ-दहा वर्षांचा होतो तेव्हापासून वर मी आणि खाली अप्पा. त्यांचे नियम दोनच. "डोळा मिटायचा न्हाई" आणि "पेंढीकडं बघ, माज्याकडं बघू नको." पेंढी पडली की पाला झडतो, बांध सुटतो, आणि अप्पांना खाली वाकावं लागतं. पडलेल्या पेंढ्या ते मनात मोजायचे. संध्याकाळी हात-पाय धुताना विचारायचे, "किती पडल्या?" त्यांना आकडा माहीत असायचाच. मला माहीत आहे का, ते पाहायचं असायचं.

मामा पूर्ण्याला रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनदुरुस्तीतले मदतनीस होते. सुट्टीत मी त्यांच्याकडं जायचो. त्यांच्या कॉलनीची फुटबॉलची टीम होती आणि मामा तिचे लेफ्ट बॅक, पोट सुटलं तरी. एकदा त्यांचा गोलकीपर ड्यूटीवर गेला म्हणून मला उभं केलं. चेंडू आला, मी तो पेंढीसारखा दोन्ही हातांनी छातीशी घेतला आणि, सवयीनं, उजव्या बाजूला नीट खाली ठेवला! सगळं मैदान हसलं. समोरच्या टीमच्या फॉरवर्डनं तो आयता गोलमध्ये ढकलला. मामा म्हणाले, "लेका, ठिवायचा न्हाई, धरून ऱ्हायचं!" त्या दिवसापासून पूर्ण्यात माझं नाव 'पेंढी' पडलं. तिथूनच एका स्पर्धेत कोलकात्याच्या एका क्लबच्या माणसानं मला पाहिलं आणि पोस्टकार्ड आलं, ट्रायलला या म्हणून. ट्रायल नेमकी कडब्याच्या दिवसांत होती. पुढं सगळंच नेमकं कडब्याच्या दिवसांत येत गेलं.

कोलकात्यात पाच वर्षं काढली, गोव्यात सात, मग शिलाँग, मधे एक मोसम मालदीव, आणि शेवटची वर्षं केरळात. प्रत्येक ठिकाणी मी काय शोधलं ते सांगितलं तर टीममधली पोरं हसतील. मी भाकरी शोधली. कोलकात्याच्या मेसमध्ये भाताचा डोंगर असायचा, मासे असायचे, मी तिथल्या ठाकूरला, म्हणजे स्वयंपाक्याला, हातांनी गोल करून दाखवायचो आणि तो प्रेमानं लुची, मैद्याची पुरी, तळून आणायचा. मालदीवला तर मातीच नव्हती. पांढरी वाळू, तीही डोळे दिपवणारी. सरावाला पहिल्यांदा त्या वाळूत पडलो, उठलो आणि अंग झटकलं, तर कपड्यांवर डागच नाही. त्या दिवशी गावाची जी आठवण आली ती आजवर कुणाला नीट सांगता आलेली नाही. आता इथं सुपरमार्केटात ज्वारीचं पीठ मिळतं, चकचकीत पाकिटात, वर 'सुपरफूड' छापलेलं. माझी बायको बिंदू इथलीच. ती ते पीठ आणते, मी थापतो, भाकरी तुटते, आणि आम्ही दोघं ते तुकडे मीन करीत, म्हणजे माशाच्या कालवणात, बुडवून खातो. बरं लागतं. पण ते जेवण इथलं असतं, तिथलं नाही.

सुरुवातीला फोन स्टेशनाजवळच्या दुकानात यायचा. मी आधी सांगून ठेवायचो, अप्पा धोतर सावरत येऊन बसायचे. मॅच कोण जिंकलं हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही. रिसीव्हर कानाला लावला की पहिला प्रश्न, "किती पडल्या?" गोल किती झाले याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कोपऱ्यातून सणसणत गेलेल्या गोलबद्दल मी एकदा हळहळलो तर म्हणाले, "ती तुज्या हाताला आलीच न्हाई. तिची कशाला फिकीर करायलास?" पण हाताला लागून सुटलेला प्रत्येक चेंडू त्यांच्या हिशेबात पडलेली पेंढी होता. मी आकडा सांगायचो, खरा. ते "बरं" म्हणायचे, मग माय फोन घ्यायची आणि जेवणाचं विचारायची. कोलकात्यात, गोव्यात, कुठंही असलो तरी त्या दोन शब्दांनी माझी मॅच संपायची. रेफ्रीच्या शिट्टीनं नुसता खेळ थांबायचा.

पुढं माझ्या मॅचेस टीव्हीवर, मग मोबाइलवर दिसू लागल्या. माझी बहीण कमल झरीला दिली आहे. ती आली की अप्पांना मॅच लावून द्यायची. एकदा आम्ही पाच-शून्यनं हरलो. मी ड्रेसिंग रूममध्ये तोंड लपवून बसलेलो आणि अप्पांचा फोन, आनंदानं भरलेला, "आज लय येळ दिसलास रे! सगळी गल्ली बसली व्हती बघायला." चेंडू सारखा माझ्याकडंच येत होता, म्हणून मीच सगळ्यात मोठा खेळाडू, असा त्यांचा समज. मी कपाळाला हात लावला. पण रागावताही येईना, कारण त्या दिवशी मला शाबासकी देणारा जगात तो एकच माणूस होता.

एक गोष्ट मात्र त्यांना कधीच पटली नाही. गर्दीत उंच आलेला चेंडू गोलकीपर मुठीनं ढकलतो. आमच्या धंद्यात ते शहाणपण. अप्पांच्या लेखी तो नुसता आळस. "ढकलायलास कशाला? धर की. दोन हात कशाला दिलेत?" मी समजावायचो की अंगावर चार माणसं असतात, झेलायला गेलो तर सुटतो. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. "ढकललेली पेंढी पडलेलीच," म्हणायचे.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. गोव्यात असताना एका कपची सेमीफायनल होती. राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू निवडणारी माणसं स्टँडात बसली होती, आणि मी एकतीस वर्षांचा होतो, म्हणजे पुन्हा अशी संधी येणार नव्हती. आदल्या दिवशी अप्पांचा फोन आला होता. कमलच्या घरी सगळे जमणार होते. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "उद्या एक बी ढकलू नको." शेवटची पाच मिनिटं राहिली होती, एक-एक बरोबरी. उजवीकडून क्रॉस आला, उंच, वळत. समोर तीन-चार माणसं. हाताची मूठ वळत होती आणि मला अप्पांचा आवाज आला. मी मूठ उघडली. दोन्ही हातांनी धरायला गेलो, कुणाचा तरी खांदा लागला, चेंडू छातीवरून निसटला आणि दुसऱ्या कुणीतरी तो आत सरकवला.

शिबिराची यादी लागली, त्यात मी नव्हतो. पुढच्या मोसमात क्लबनंही दुसरा गोलकीपर आणला. पण ते नंतर. त्या संध्याकाळी फोन वाजला आणि पलीकडून तोच सवयीचा प्रश्न आला, "किती पडल्या?"

मी म्हणालो, "एक पडली. तुमच्यामुळं पडली."

पलीकडं कमलच्या घरचा गलका ऐकू येत होता. मग तो लांब गेला, म्हणजे अप्पा फोन घेऊन बाहेर आले असावेत. ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न विचारला नाही. फोन यायचे. पाऊसपाणी, तूर, बैलाचा पाय, बिंदूची तब्येत, सगळं विचारायचे. तेवढं सोडून. मी शिलाँगला गेलो, मालदीवला गेलो, इथं आलो, खेळणं सोडलं, कोच झालो. चांगल्या मॅचनंतर मी मुद्दाम फोन करायचो आणि वाट पाहायचो. ते म्हणायचे, "थंडी हाय का तिकडं?" माफी मागायची तर काय म्हणून मागायची हे मला कळेना. चूक माझीच होती. एकतीस वर्षांच्या गोलकीपरला मूठ कधी वळायची हे बापानं सांगायचं नसतं आणि त्यानं ते ऐकायचंही नसतं. पण हे शब्द फोनवर तोंडातून निघत नव्हते. आणि प्रत्यक्ष जायचं तर मी दिवाळीला, लग्नकार्याला जायचो. घर माणसांनी भरलेलं असायचं, मी पाहुण्यासारखा खुर्चीवर बसून चहा प्यायचो. दरवर्षी निघताना अप्पा म्हणायचे, "गंजीला ये एकदा." आणि दरवर्षी मी म्हणायचो, "पुढल्या साली." फुटबॉलचा मोसम ज्वारी काढणीच्या वेळीच ऐन रंगात असतो.

यंदा कमलचा फोन आला. "अप्पा म्हणायलेत, औंदाची जवारी शेवटची. पुढल्या साली सगळं सोयाबीन. बैलं बी इकून टाकणार हायेत." मी विचारलं, गंजीवर कोण चढतंय. ती म्हणाली, "कुनी न्हाई. मायचे गुडघे गेले. खालच्या खालीच रचतो म्हणायलेत." मग मायनं फोन घेतला. ती हळू बोलली, अप्पा जवळच असणार. "ते इचारीत न्हाईत तुला. पर तुजी मॅच झाली की फोनकडं बघत बसतेत. मला म्हणले, माजं ऐकून त्याचं नुकसान झालं."

मला वाटत होतं, ते रागावलेत. इतकी वर्षं मी तेच धरून बसलो होतो. तो माणूस माझं आणखी एकदा नुकसान होऊ नये म्हणून गप्प होता.

मोसमाच्या मधोमध मी चार दिवसांची सुट्टी मागितली. मॅनेजरनं कारण विचारलं. मी म्हणालो, घरी गवत रचायचं आहे. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मला उन्हाचा तडाखा बसला आहे. बिंदूनं बॅग भरली आणि माझे जुने ग्लोव्ह्ज वर ठेवले. मी काढून ठेवले तर म्हणाली, राहू देत.

परभणीहून पॅसेंजर धरली आणि पिंगळीला उतरलो. सिग्नलचा तो हात आता नाही, दिवे आले आहेत. शेतात अर्ध्या एकराचा कडबा पडलेला, बाकी सगळं रान रिकामं. अप्पा पेंढ्या बांधत होते. शहात्तरीचे झालेत. मला पाहून म्हणाले, "मोसम चालू असंल की तुजा." मी म्हणालो, "हाय. चढू का?" त्यांनी गंजीचा पाया आधीच घालून ठेवला होता. नंतर मायनं सांगितलं, कमलनं मी निघाल्याचं कळवल्यावर त्यांनी तो पाया मोडून मोठा घातला होता.

मी वर चढलो. ग्लोव्ह्ज घातले नाहीत. पहिली पेंढी आली आणि डोळ्यांत माती गेली. गोलकीपर म्हणून मी मिनिटाला शंभर गोष्टी पाहायला शिकलो आहे, मारणाऱ्याची कंबर, त्याचा टेकलेला पाय, त्याची नजर. तिथं त्यातलं काहीच लागत नव्हतं. पेंढी यायची, मी धरायचो, रचायचो. पहिले चार थर भराभर झाले. मग गंजी उंच झाली आणि अप्पांचा खांदा पुरेना. पेंढी माझ्या पायांपाशी येऊन परत खाली जाऊ लागली. मी उभाच राहिलो असतो तर आपला जोर पुरत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असतं. म्हणून मी काठावर पालथा पडलो आणि दोन्ही हात खाली सोडले. पेंढ्या तशाच घेत राहिलो. जमिनीलगतचे चेंडू घेण्यात माझी उमर गेली आहे, म्हणून तेवढं जमलं.

दुपारची गाडी आली. शिट्टी ऐकू आली, डब्यांचा खडखडाट शेताला लागून गेला. खिडकीतून कुणी पाहिलंही असेल, एक म्हातारा आणि गंजीवर पालथा पडलेला एक बाप्या. मी मान वळवली नाही. अप्पांनीही नाही.

तेवढ्यात एक पडली. अप्पांनी जरा जोर लावून फेकलेली, माझ्या डाव्या हाताला लागली. या हाताची करंगळी शिलाँगला मोडली तेव्हापासून नीट मिटत नाही. पेंढी सुटली आणि त्यांच्या पायाशी फुटली. त्यांनी वाकून ताटं गोळा केली, पुन्हा बांधली, पुन्हा फेकली. दिवस कलता कलता मी माथा बांधून घेतला, सगळ्या बाजूंनी उतरता, पाणी आत शिरू नये असा. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो माथा मायनं बांधला होता. हा मी बांधला.

खाली उतरलो. रांजणापाशी माय हातावर पाणी घालत होती. अप्पांनी तोंडावर पाणी मारलं, उपरण्यानं पुसलं, आणि उपरणं तोंडावर तसंच धरून विचारलं, "किती पडल्या?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट पाहिली होती. "एक," मी म्हणालो.

"ती माज्यामुळं," अप्पा म्हणाले. "खांदा न्हाई ऱ्हायला आता."

"न्हाई अप्पा. ती माज्याच हातातून सुटली."

त्यांनी उपरणं खाली घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. आम्ही कुठल्या पेंढीबद्दल बोलतो आहोत हे दोघांनाही कळलं होतं. मायच्या हातातला तांब्या तसाच वाकडा राहिला होता, पाणी नुसतं जमिनीवर पडत होतं. मग अप्पा म्हणाले, "बरं," आणि मायला म्हणाले, "भाकरी टाक. भुकेजला आसंल."

पुढल्या वर्षी त्या रानात सोयाबीन असेल. बैल जातील, गंजी लागणार नाही, आणि ही गंजी उन्हाळाभरात संपून जाईल. घर म्हणजे काय असं इथं कुणी विचारलं तर पूर्वी मी पिंगळी सांगायचो, शेत सांगायचो, माती सांगायचो. आता विचारलं तर सांगेन, घर म्हणजे ते दोन शब्द, आणि त्यांना खरं उत्तर देता येईल इतकी हिंमत. परवा इथं आमच्या टीमची मॅच झाली. बसमध्ये बसतो न बसतो तोच फोन वाजला.

"किती पडल्या?"

"अप्पा, मी कुठं खेळतो आता? पोरगा उभा व्हता गोलात. त्याच्या हातून दोन सुटल्या."

"शिकवतंय कोन त्याला?"

"मी."

"मग त्या तुज्याच," अप्पा म्हणाले.